उजव्या बाजूची खुर्ची

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले आणि मी उत्तर आज देते आहे, तेव्हा आधी कान पकडते आणि मग पुढे लिहिते. कारण एकच, परीक्षा. माझी नाही, ह्यांची. पण आमच्या घरात परीक्षेला कोण बसलंय हे परक्या माणसाला ओळखता यायचं नाही, कारण सगळं पाठ मला झालंय.

बी. ए.चं शेवटचं वर्ष आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी! पदवी नसलेल्या अधिकाऱ्याने मेजरच्या वर जायचं नाही, असा नियम आहे ना? भाऊजी पदवी घेऊनच सैन्यात गेले, त्यामुळे तुमच्या घरी हा नियम कुणाला टोचला नसेल. आमच्याकडे तो गेली तीन वर्षं जेवणाच्या टेबलावर बसून आहे. हे सतराव्या वर्षी साधे गोलंदाज म्हणून तोफखान्यात भरती झाले, दंडावर एकेक फीत चढवत हवालदार झाले, आणि तिशीत परीक्षा देऊन अधिकारी. तेव्हा पदवी कुणी विचारली नाही. आता लेफ्टनंट कर्नलच्या निवडीसाठी नाव गेलंय, तर विचारतात.

आमचा अभ्यास बघायला तू एकदा येच. मी चारला शाळेतून येते. हे बूट काढून टेबलाशी बसतात, समोर पट्ट्याचं पितळी बक्कल आणि पॉलिशची डबी. मी उजव्या बाजूच्या खुर्चीवर पुस्तक घेऊन. धडा मी मोठ्याने वाचायचा, ह्यांनी बक्कल घासत ऐकायचा. दुसऱ्यांदा मी वाचताना ह्यांनी मध्येमध्ये पुढचं वाक्य सांगायचं. तिसऱ्यांदा सबंध धडा ह्यांचा. धड्यांना तोफांसारखे नंबर दिलेत. राज्यशास्त्रातली चार नंबरची तोफ सारखी अडकते, आणि अडकली की बक्कल इतकं घासलं जातं की त्यात माझं तोंड दिसतं. स्वतः डोळ्यांनी वाचायला सांगितलं तर दुसऱ्या पानावर घोरतात. शिपायाला सगळं कानाने शिकवलं जातं म्हणे, ती सवय जात नाही.

आणि एक सांगू? यंदाच्या यादीत दोघंही साडू आहेत हे कळल्यापासून मला हवेत तरंगल्यासारखं होतंय. एकाच दिवशी दोघांच्या खांद्यावर नवा हुद्दा चढला तर आपण चौघांचा एक फोटो काढू. तू खुर्चीत, मी मागे उभी. मोठेपणा तुझाच.

भाऊजींना नमस्कार, बेबीला गोड पापा. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
चिमी


१५ जून

चि. चिमीस,
अ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या त्या हिरव्या शाईने मला दर वेळी वाटतं की माझीच वही तपासून आली आहे. शाळेतली दौत घरी आणतेस ती आणतेस, निदान पत्राला तरी निळी शाई वापरावी! पोस्टमनसुद्धा आता हसतो.

तुझ्या गोलंदाजांचं कौतुक वाटतं बरं का. या वयात परीक्षेला बसायचं म्हणजे खायचं काम नाही. आमच्याकडे उलटी तऱ्हा. ह्यांना पदव्या दोन, शिवाय मोठ्या अभ्यासक्रमाची पदविका, आणि तरीही मुख्यालयातल्या टेबलाशी बसून बसून केस पांढरे. अधिकाऱ्यांच्या फायली ह्यांच्याच कचेरीतून जातात, पण स्वतःची फाईल काही पुढे ढकलता येत नाही, असं हे म्हणतात. यादीचं म्हणशील तर जागा चारच आहेत. ज्येष्ठतेने तुझे चौथे आणि आमचे पाचवे. सेवेची वर्षं धरताना ह्यांची आजारपणाची रजा वजा झाली, नाहीतर उलट झालं असतं. असो. ज्याच्या त्याच्या नशिबाची गोष्ट. फोटोचं बघू.

मला एक विचारायचं आहे, आणि उडवाउडवी करू नकोस. मोठ्या माणसाला बायकोने धडा वाचून दाखवायचा हे मला पटत नाही. सवयीचं कारण मी ऐकून घेतलं, पण मी तुला तू फ्रॉक घालत होतीस तेव्हापासून ओळखते. तू काही लपवलंस की फार गमती सांगतेस. तुझ्या गोलंदाजांच्या डोळ्यांना काही झालंय का? झालं असेल तर आत्ताच सांग. कचेरीतलं कोण काय बोलतं हे आमच्या कानावर येतं, वेळेवर काही करता येईल. माझ्यापासून काय लपवायचं? तुझं लग्न ठरलं तेव्हा बाबांच्या समोर उभी कोण राहिली होती?

खोकला कसा आहे? छातीला ऊन दे. आशीर्वाद तुझ्या वाट्याचे भरपूर आहेत, लागतील तसे घे.

तुझी,
ताई


२३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू म्हणजे ना. एवढ्या लांबून माझं तोंड वाचलंस.

डोळे ठणठणीत आहेत. कान गेलेत. सत्तावीस वर्षं तोफांजवळ काढली, कानात कापसाचा बोळा घालणं तेव्हा बायकी समजत. डावा कान पार गेला. उजव्याने समोरासमोर बोललेलं कळतं, जरा लांबचं नाही. म्हणून ती उजव्या बाजूची खुर्ची. अभ्यास होतो तो होतोच, पण खरी तालीम ऐकण्याची आहे. परीक्षेत शेवटी तोंडी असते, आणि निवड मंडळासमोरही प्रश्नांना पटापट उत्तरं द्यावी लागतात. मी वाचत असते तेव्हा हे माझे ओठ बघत असतात. आधी मला लाजल्यासारखं व्हायचं, आता सवय झाली.

दर वर्षीची तपासणी कशी पार पडते म्हणून विचारशील. इथल्या दवाखान्यातला म्हातारा कंपाउंडर सहा पावलं मागे उभा राहतो आणि आकडे कुजबुजतो. गेली कित्येक वर्षं तेच तीन आकडे, बावीस, एकोणचाळीस, चौसष्ट. समोर औषधांचं काचेचं कपाट आहे. काचेत त्याची हनुवटी हलायची थांबली की हे आकडा म्हणतात. त्याची तालीमही आम्ही घरी केली आहे, मी कंपाउंडर होऊन. तेव्हा हसून हसून पोट दुखलं. आता लिहिताना हसू येत नाही.

आणि मागच्या सरावात जे झालं ते तर मी अजून गिळते आहे. वरून थांबायचा हुकूम आला तो ह्यांना ऐकूच गेला नाही. हात वर होता, तो खाली आला असता तर तोफ सुटली असती, आणि पुढे टेकडीपाशी माणसं होती. ह्यांच्या हवालदाराने बाही ओढली म्हणून निभावलं. तो हवालदार ह्यांच्याच हाताखाली तयार झालेला. तेव्हापासून तो कायम ह्यांच्या उजव्या अंगाला उभा राहतो आणि प्रत्येक हुकूम हळूच पुन्हा म्हणतो. दोघं त्यावर एक अक्षर बोलत नाहीत. घरी आल्यावर हे दोन तास बूट न काढता बसून होते. मग मला म्हणाले की हे बढतीपर्यंतच, वर गेलं की टेबलाचं काम असतं, तोफेजवळ पुन्हा उभा राहणार नाही. आणि माझ्याकडून वचन घेतलं की हे कुणाला, अगदी आईलासुद्धा, सांगायचं नाही.

ते वचन मी आज मोडलं. सहा महिने एकटीने छातीवर दगड घेऊन वावरते आहे, कुठेतरी खाली ठेवायला हवा होता. तू आणि मी काही दोन माणसं नव्हे. पण वाचून झालं की हे पत्र फाडून टाक. भाऊजींनाही बोलू नकोस.

जवळ असतीस तर मांडीवर डोकं ठेवलं असतं. ते ठेवलं असं समज.

तुझी,
चिमी


२ जुलै

चि. चिमीस,
अ. आ.

पत्र वाचलं आणि त्याचे तिथल्या तिथे चार तुकडे करून टाकले. निर्धास्त राहा. दगड माझ्याकडे दिलास, आता तो माझा.

जास्त लिहीत नाही, बेबीला ताप होता, दोन दिवस उसंत नाही. परीक्षा कधी आणि निवडीआधीची मोठ्या दवाखान्यातली तपासणी कोणत्या तारखेला ते तेवढं कळव. त्या दिवशी तुमची आठवण ठेवीन.

उन्हात हिंडू नकोस. माझं लक्ष तुझ्यापाशीच असतं.

तुझी,
ताई


९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सगळं संपलं, ताई. परीक्षा छान झाली, तोंडीसुद्धा, आणि चार दिवसांपूर्वीच्या तपासणीत सगळं मातीत गेलं.

एरवी मोठ्या दवाखान्यातही वजन, उंची, डोळे, आणि कानाला तेच आकडे कुजबुजणं असतं. या वेळी ह्यांना सरळ एका काचेच्या खोलीत नेलं, कानाला यंत्र लावलं आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. यादीतल्या बाकी कुणालाच तिथे नेलं नाही. डाव्या कानाच्या वेळी ह्यांनी बटण एकदाही दाबलं नाही. अंदाजाने दाबता आलं असतं ना, असं मी विचारलं. ह्यांनी बक्कल उचललं आणि घासायला घेतलं. खालचा वैद्यकीय वर्ग मिळाला, यादीतून नाव कमी झालं, आणि मार्चमध्ये मेजर म्हणूनच घरी बसायचं.

वाईट त्याहून पुढे आहे. त्या हवालदाराची चौकशी लागली. सरावात चूक झाली ती वर का कळवली नाही म्हणून. त्याची बढती तोंडाशी आली होती. ह्यांनी लिहून दिलंय की दोष सगळा माझा, मीच त्याला गप्प राहायला सांगितलं. तसं ह्यांनी सांगितलं नव्हतं हे तुला ठाऊक आहे.

कुणीतरी कळवलंय हे उघड आहे. मला त्या कंपाउंडरचा संशय येतो. काल बाजारात दिसला तर मी तोंड फिरवलं. शेजारच्या कॅप्टनच्या बायकोचाही येतो, भिंती पातळ आहेत आणि मी मोठ्याने वाचते. भाऊजींच्या कचेरीतून हे सगळं जातं म्हणालीस ना? त्यांना विचारून बघशील का की हे कुणाचं काम? मला फक्त नाव हवं आहे. त्या माणसाच्या दारात जाऊन उभी राहीन आणि विचारीन की आम्ही तुझं काय घोडं मारलं होतं.

हे चार दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. दुःखाने असेल. मी वाट बघते आहे.

तुझ्या दोन ओळींनीही धीर येईल, त्या लवकर पाठव.

तुझी,
चिमी


२० ऑगस्ट

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही, तेव्हा थोडक्यात लिहितो. तपासणीच्या दिवशी वैद्यकीय मंडळाच्या प्रमुखांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. हिरव्या शाईतला, आपल्या बहिणीच्या अक्षरातला. कुणाला लिहिला ते त्यावर नव्हतं, आणि खालच्या काही ओळी सहीसकट कातरीने कापलेल्या होत्या. त्यातला मजकूर खरा आहे का असं विचारलं, मी हो म्हणालो. अक्षर कुणाचं असं विचारलं, मी ओळखत नाही म्हणालो.

ती म्हणते हा तुम्हाला लिहिलेल्या पत्राचा दुसरा कागद आहे. तुम्हाला विचारा, असं तिनेच सांगितलं. मला कुणावर ठपका ठेवायचा नाही. असं पत्र तुम्हाला आलं होतं का, एवढंच हो किंवा नाही कळवावं. तुमचा शब्द मी खरा मानीन.

बेबीला आशीर्वाद. थोरांपुढे नम्र.

आपला,
गोलंदाज


२७ ऑगस्ट

श्री. मेजरसाहेबांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचून जीव हळहळला. जे झालं ते फार वाईट झालं. तुम्ही विचारलंत म्हणून कळवते की असं काही पत्र मला आलेलं नाही. चिमीची पत्रं येतात, त्यात अभ्यासाच्या आणि शाळेच्या गमती असतात. तिच्यावर रागावू नका, लहानपणापासून ती जरा मोकळ्या तोंडाची आहे, कुणाशी बोलली असेल.

प्रकृतीला जपावं. आपुलकी आहे तशीच आहे.

आपली,
ताई


५ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र ह्यांनी मला वाचायला दिलं. टेबलावर ठेवलं आणि बाहेर गेले. मी ते तीन वेळा वाचलं. अक्षर तुझंच आहे. मला आधी वाटलं कुणी दुसऱ्याने लिहिलं असेल, इतकी मी वेडी.

तुला पत्र घालण्याआधी ह्यांनी मला तो कागद पाहिल्याचं सांगितलं, तेव्हा मला भीती वाटली नाही. मला वाटलं, पत्र वाटेत कुणी फोडलं असेल, तुझ्या घरून चोरीला गेलं असेल. मीच ह्यांना म्हटलं की माझ्यावर विश्वास नसेल तर ताईला विचारा, ताई खोटं बोलायची नाही. हे माझे शब्द. आता ह्यांना वाटतं की मी तो कागद दुसऱ्याच कुणाला तरी लिहिला आणि पकडली गेल्यावर तुझं नाव पुढे केलं. कुणाला लिहिला तेही विचारत नाहीत. एवढंच म्हणाले की कान माझा होता, तो गेला तर गेला, पण त्या हवालदारालाही तू त्या कागदावर घातलंस.

खरं आहे. ते मी घातलं, माझ्या हाताने, माझ्या शाईने. माझा गुन्हा मी मान्य करते. पण मी तो कागद माझ्या बहिणीला लिहिला होता, आणि हे जगात फक्त दोन माणसांना माहीत आहे. त्यातल्या एकीने नाही म्हणून लिहून दिलं.

चार तुकडे केलेस ना? मग एक कागद सबंध कसा राहिला? सही कातरीने कापायला वेळ कुणी काढला? मला हे विचारायचंसुद्धा नाही. बढती गेली, ती परत मागत नाही. भाऊजींचं नाव आता चौथं आलं असेल, येऊ दे. मी एकच मागते. ह्यांना एक ओळ लिही की पत्र तुला आलं होतं. ते कसं बाहेर गेलं ते हवं तर लिहू नकोस. चोरीला गेलं म्हण, वाऱ्याने उडालं म्हण. पण मी खोटं बोलले नाही एवढं ह्यांना कळू दे. एकोणीस वर्षांच्या संसारात मी ह्यांच्याशी खोटं बोललेली नाही, आणि आता ह्या घरात मी खोटारडी म्हणून राहते आहे.

एक ओळ, ताई. मी वाट बघते.

चिमी


१८ सप्टेंबर

चि. चिमीस,
अ. आ.

तुझं पत्र तीनदा हातात घेतलं आणि तीनदा ठेवून दिलं. आज लिहिते आहे, कारण तू माझी बहीण आहेस आणि मी काही राक्षसीण नाही.

पत्र मी फाडलं नाही. फाडायला घेतलं होतं. मग हे आले, काय म्हणून विचारलं, आणि मी दिलं. ह्यांनी मागितलं नव्हतं, मी दिलं. कातर माझ्या शिवणाच्या डब्यातली. सही नको, एवढं मीच म्हटलं. तुझं नाव कुठे येऊ नये म्हणून. ते तुला पटायचं नाही, पण खरं आहे.

तू म्हणशील का केलं? तूच लिहिलं होतंस की पुढे टेकडीपाशी माणसं होती. बहिऱ्या माणसाच्या हातात तोफा देणं बरोबर आहे का, याचं उत्तर तुझं तू दे. पण तेवढंच कारण होतं असं मी म्हणणार नाही. तू हवालदाराशी लग्न केलंस तेव्हा बाबांचं मी ऐकून घेतलं. त्यानंतर ह्या घराण्यात एक गोष्ट पक्की होती, की मोठीने चांगलं स्थळ बघून केलं आणि धाकटीने मनासारखं. लोक माझ्याकडे मानाने बघत आणि तुझ्याकडे प्रेमाने. आणि आता तुझा नवरा बक्कल घासत घासत आमच्या पुढे जाणार, आणि मी तुझ्या फोटोत खुर्चीवर बसून हसायचं. मला ते जमलं नसतं. यादी ज्या दिवशी आली त्या दिवशी मी जेवले नाही. तुला हे कळायचं नाही, तुला कधी कुणाच्या पुढे जायचंच नव्हतं.

पण तुझ्या यजमानांना मी ती ओळ लिहू शकत नाही. ह्यांचं नाव परवा निवड मंडळासमोर आहे. तुझे यजमान सरळ माणूस आहेत, म्हणजे लिहिलेलं सरळ वर दाखवतील. मग ह्यांची बढती तर जाईलच, नोकरीवर येईल. यादी लागू दे, पुढच्या वर्षी सगळं निवळलं की मी स्वतः येऊन सांगेन. तोवर तू धीर धर. नवराबायकोची भांडणं काय, मिटतात.

हे पत्र वाचून फाड. या वेळी खरंच फाड.

तू रागावली असलीस तरी मी तुझी ताईच.

ताई


३० सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र मिळालं. भाऊजींची बढती झाल्याचं इथे सूचनाफलकावर लागलंय. शाळेतल्या बायकांनी माझं अभिनंदन केलं. मी घेतलं.

ह्यांचा निकालही लागला. दुसरा वर्ग, आणि राज्यशास्त्रात सगळ्यांत जास्त गुण, ती अडकणारी तोफ धरून. विद्यापीठाचा लिफाफा मी फोडला म्हणून मला हे कळलं. हे आल्यावर मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी निकाल वाचला, पुन्हा लिफाफ्यात घातला आणि ट्रंकेत घोंगड्यांच्या खाली ठेवला. पूर्वी एखादा धडा नीट म्हणून झाला तरी हे मला उठून सलाम ठोकायचे. हवालदाराची चौकशी मिटली, पण त्याची बढती थांबली आणि बदली लांब झाली. जाताना तो आमच्या फाटकापर्यंत आला. मी दार उघडल्याचं पाहून फाटकातूनच नमस्कार करून गेला.

तुझं पत्र मी फाडलं नाही. चार-पाच दिवस मी ते उशीखाली ठेवून झोपत होते. तुझ्या अक्षरात सगळं लिहिलेलं होतं, पत्र तुला आलं, तू दिलंस, कातर तुझी. माझ्या निर्दोषपणाचा एवढा पुरावा कुणाला मिळत नाही. आणि तरी ते ह्यांच्यापुढे ठेवायला हात धजत नव्हता, कारण फाड म्हणून लिहिलेलं पत्र दुसऱ्याला दाखवणं म्हणजे काय हे मी आता शिकले आहे. शेवटी रविवारी दुपारी ठरवलं की होऊ दे, मी तुझ्यासारखीच आहे असं समजू. लिफाफा नेऊन ह्यांच्या बशीशेजारी ठेवला.

ह्यांनी वरचं नाव बघितलं, तुझं अक्षर ओळखलं, आणि लिफाफा माझ्याकडे सरकवला. म्हणाले की पत्र तुझ्या नावाचं आहे, दुसऱ्याची पत्रं मी वाचत नाही. रागाने नाही म्हणाले. जसं एरवी मीठ सरकवतील तसं सरकवलं. त्यात काय आहे ते महत्त्वाचं आहे, असं मी दोनदा सांगितलं. त्यांनी मान हलवली.

मग मी म्हटलं, मीच वाचते. सवय आहेच. पुस्तक घेऊन बसायचे तशी लिफाफा घेऊन उजव्या बाजूच्या खुर्चीवर बसायला गेले. हे उठले, आपली बशी आणि बक्कल उचललं, आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले, असे की मी डावीकडे आले. उजवा गाल तळहातावर टेकवला, कान हाताखाली गेला, डाव्या हाताने बक्कल घासायला घेतलं, आणि डोळे खिडकीकडे. माझे ओठ दिसणार नाहीत असे.

तुझं म्हणणं बहिऱ्या माणसाच्या हातात तोफा द्याव्या का, याचं उत्तर मी द्यावं. देऊ नयेत. तू हेच इथे येऊन ह्यांच्या तोंडावर म्हणाली असतीस, तर भांडून का होईना मी ऐकलं असतं, आणि बहुधा ह्यांनीही. तुला तेवढं करायचं नव्हतं, हे तू स्वतःच लिहिलंयस.

पुढच्या वर्षी येऊन सांगेन म्हणतेस, ते राहू दे. इथे आता ते कुणी ऐकायचं नाही. परवा जेवायला बसलो तेव्हाही माझी खुर्ची डावीकडेच मांडलेली होती, आणि आजही. फोटोसाठी मी नवी साडी घेऊन ठेवली होती, ती शाळेतल्या शिपाईणीच्या मुलीला दिली.

या पत्राच्या शेवटी तुझ्याकडे नेहमीसारखी माया मागत नाही, तेव्हा उत्तराचीही तसदी घेऊ नकोस. रविवारचं तेवढं सांगायचं राहिलं. ह्यांनी तोंड फिरवल्यावर मी उठून गेले नाही. तिथेच, डाव्या बाजूला बसून, तुझं पत्र पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत मोठ्याने वाचलं. मग धड्यासारखं दुसऱ्यांदा वाचलं. बक्कल घासायचं थांबलं नाही.

चिमी